आऊट काढायचा उन्हाळा

परवा नातीची सायकल डोलायला लागली. रेवा म्हणाली, "आजी, मागचं चाक आऊट झालंय, दुकानात टाकून येते." मी म्हटलं, "टाकून कशाला येतेस? उलटी कर इथेच." ती माझ्याकडे बघत राहिली. आजी कुरडया घालते, वेळ पडली तर सुनेला घालूनपाडून बोलते, हे तिला ठाऊक होतं. आजी सायकलचं चाक सरळ करते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? ज्यांच्याबरोबर शिकले ते गेले, आणि ज्या उन्हाळ्यात शिकले त्याचं नाव आमच्या घरात फारसं कोणी काढत नाही.

बाहेर वैशाखाचं ऊन कावलं होतं. गॅलरीतल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी केली, चाकाला हलकी टिचकी दिली. चाक फिरायला लागलं, एका जागी येऊन डावीकडे झुकायचं आणि पुन्हा मूळ जागी जायचं. चाकाचं असं झुकणं मी किती वर्षांनी बघत होते कोण जाणे, पण माझ्या तोंडून आपोआप निघालं, "थांब. हितं." शहरात येऊन एवढी वर्षं झाली, तरी ते "इथे" नाही निघालं, "हितं"च निघालं. कारण तो शब्द माझा नाही, आबांचा आहे.

आबा म्हणजे माझे वडील. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाचे सुतार. बैलगाडीची चाकं करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, असं मी म्हणणार नाही, कारण लेक असंच म्हणणार. पण शेजारच्या गावांतून लोक बाभळीची लाकडं घेऊन आमच्या दारात यायचे आणि चाक घेऊन जायचे, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तयार चाक आबा अंगणात उभं करायचे, उजवा डोळा मिटायचे, डावा बारीक करायचे आणि चाकाच्या कडेवरून नजर टाकायचे. मग हातातल्या वाकसानं एखादी ढलपी उडवायची. परत नजर टाकायची. बास.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. त्यापुढचा उन्हाळा म्हणजे मी सांगते तो. गावातले बैल कोणी छावणीत नेले, कोणी बाजार दाखवला. बैल नाहीत तर गाडी कोणाला हवी? आहेत त्या गाड्यासुद्धा दारोदारी वाळून चालल्या. लाकूड सुकलं की आकसतं आणि चाकावरची लोखंडी धाव सैल होते. एरवी लोक उन्हाळ्यात चाकं ओढ्यात भिजत घालायचे, लाकूड फुगायचं, धाव पुन्हा आवळून बसायची. त्या वर्षी ओढ्यात चाक काय, चिमणीची चोच भिजली नसती. उभ्या गाड्यांच्या धावा आपोआप गळून पडायच्या. दुपारी कुठूनतरी खण्णकन् आवाज आला की आबा म्हणायचे, "गेली. कोनाची रं?" आणि आपणच उठून बघायला जायचे.

दुष्काळी कामावर सगळ्यांनीच जायचं होतं. बामणापासून रामोशापर्यंत सगळे एका रांगेत खडी फोडत होते. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोच्या लाल भाकरी. आबांच्या हातात वाकसाऐवजी हातोडा आला. आई म्हणायची, "लाकडावर घाव घालनाऱ्याला दगड ऐकत न्हाई." आणि खरंच, एक दिवस दगडानं ऐकलं नाही. कपची उडाली आणि आबांच्या उजव्या डोळ्यात गेली.

आबा घरी आले ते पटक्याचं टोक डोळ्याला लावून. आईनं टाहो फोडला. आबा तिला म्हणाले, "गप ये. आगं सुताराला एकच डोळा लागतो. दुसरा आमी झाकूनच ठिवतो." आम्ही हसलो. रडता रडता आईसुद्धा हसली. त्या माणसाची ती सवयच होती, घरात कोणी रडायला लागलं की काहीतरी बोलून हसवायचं आणि आपण अंगणात निघून जायचं.

तालुक्याला एक डॉक्टर होते. आमच्या गावावरून त्या रस्त्याला एसटी नव्हती. घरात एक सायकल होती, मामानं जुनी झाली म्हणून दिलेली, भारीभक्कम, पुरुषी. मी तिच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायंडल मारायला कधीच शिकले होते. मॅट्रिकला गणितात आपटून घरी बसले होते, त्यामुळे वेळ होता. पण मागे आबांना बसवायचं तर हाफ पायंडल कामाचं नाही, सीटवरच बसायला हवं. पाचवारीत ते जमेना. आईनं तिचं नऊवारी लुगडं माझ्या अंगावर टाकलं. "काष्टा घाल आन् बस. लोकं काय म्हंत्याल ते मी बघती."

लोक म्हणालेच. वेशीजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "सुतारा, पोरगी तुला सासरी घिऊन चालली व्हय?" आबा मागून कॅरियरवरून ओरडले, "व्हय तर! आंदन म्हनून मला दिलाय." त्या खडकाळ रस्त्यावर घामानं डोळे चुरचुरत होते, पण मी हसत हसत पायंडल मारत होते. बाप मागे बसलेला असला की पोरीला रस्त्याचं भय वाटत नाही, मग तो बाप एका डोळ्यानं का बघत असेना.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी आबांना बाहेर बसवलं नाही की माझ्याशी एकटीशी कुजबुजले नाहीत. सरळ त्यांनाच म्हणाले, "या डोळ्यात आता काही राहिलेलं नाही. पण तो आत ठेवलात तर दुसऱ्यालाही घेऊन जाईल. असं होतं. नगरला मोठ्या दवाखान्यात जाऊन तो काढून घ्या, लवकर. डावा वाचेल."

आबांनी विचारलं, "पेरनी झाल्यावर गेलो तर?"

"पाऊस कधी येणार ते तुम्हाला माहीत आहे का?"

"न्हाई."

"मग मलाही माहीत नाही, डोळा कधी जाईल ते."

डॉक्टरांनी थेंब दिले आणि नगरला जायचं ठरेपर्यंत आठवड्याला येत जा म्हणाले. परतताना आमच्या शिवेवर आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "घरात सांगू नगंस काढायचं." मी सांगितलं. त्याच संध्याकाळी चुलीपाशी आईला सगळं सांगितलं. ती आबांच्या पाया पडली, भांडली, भाकरी थापायची थांबली. आबांचं एकच, पेरणी झाल्यावर.

हा हट्ट बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. आमच्याकडे पेरणीच्या आधी शेतकरी पेरायची तीन फणांची तिफण घेऊन सुताराच्या दारात येतो. सुतार तिचे फण ठोकून बघतो, हळदकुंकू लावतो आणि मग ती शेतात जाते. वर्षाची पहिली मूठ त्या तिफणीतून मातीत पडायची असते. आणि एका डोळ्याचा, काना माणूस म्हणजे अपशकुन. वाटेत भेटला तर लोक मागे फिरत. आबांचे एक चुलते होते, लहानपणी देवीत त्यांचा एक डोळा गेलेला. जन्मभर ते खाटा आणि दारं करत राहिले, हात सोन्याचा, पण तिफण त्यांच्या दारात कोणी नेली नाही. आबा त्यांच्याच हाताखाली शिकलेले. पेरणीच्या दिवसांत चुलते दार लावून घरात बसायचे, हे त्यांनी पाहिलेलं. आबांचा हिशेब असा होता की डोळ्यानं दिसेना का, तो खोबणीत आहे तोवर कोणी काना म्हणणार नाही. एकदा काढला की झालो काना. एवढी पेरणी होऊ द्या, लोकांच्या तिफणी आपल्या हातून जाऊ द्या, मग काय करायचं ते करा.

मी त्यांना अडाणी म्हणत नाही. माणूस आपल्या कामाच्या जागेवरून हलायला तयार नसतो. आजही कितीजण छातीत कळ येत असताना दुकानाचं शटर अर्धं उघडं ठेवून बसलेले असतात!

तर आम्ही आठवड्याला तालुक्याला जायला लागलो आणि मागच्या चाकानं मान टाकली. रस्ता सगळा दगडगोट्यांचा, आबा अंगानं आडदांड. टायर एका बाजूनं, चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या चिमट्याला घासायला लागलं, घस्स, घस्स. मी म्हटलं, दुकानात देऊ. आबांना ते लागलं. "चाकाच्या घरातलं चाक बाहेर नीट कराया न्यायचं? मंग मी मेलोच म्हन की." मामानं सायकलबरोबर तारा आवळायचा खाचांचा गोल पाना दिला होता. सायकल अंगणात उलटी उभी राहिली. मी चाकाशेजारी बसले, आबा चाकाच्या रेषेत मागे उकिडवे बसले. हात माझे, डोळा त्यांचा.

चिमट्याला एक काडी बांधली, तिचं टोक रिंगेच्या अगदी जवळ. मी चाक फिरवायचे आणि जिथे रिंग काडीला टेके तिथे आबा म्हणायचे, "थांब. हितं." पहिल्या दिवशी रिंग माझ्या बाजूला झुकत होती. आबा म्हणाले, "तुझ्या बाजूच्या तारा आवळ. त्या बाजूचा आरा ढिला हाय, जोर पुरत न्हाई." मी आवळल्या. चाक आणखी माझ्याकडे आलं. "अजून आवळ." आवळल्या. आता टायर चिमट्याला इतकं भिडलं की चाक फिरेचना.

आबा गोंधळले. मी त्यांना असं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. जन्म चाकं करण्यात गेलेला माणूस एका तारेच्या चाकापुढे हरत होता, आणि चूकही अशी की ती सुतारालाच व्हावी. लाकडाच्या चाकात आरा रेटत असतो. मधल्या तुंब्यातून तो बाहेरच्या कडेला ढकलून धरतो, म्हणून ज्या बाजूला जोर कमी पडतो तिथे पाचर ठोकायची. आबा तारेलाही आराच समजत होते. मी एक तार बोटांत धरली, वाकवली, सोडली. आणि मला कळलं.

"आबा, तार रेटती कुठं? ती वढती."

त्यांनी पुढे होऊन तीच तार बोटांनी वाकवून पाहिली.

"मपल्या बाजूची आवळली की ती चाकाला मपल्याकडंच वढनार. तिकडची आवळाया पायजे."

"म्हंजी लाकूड रेटतंय आन् तार वढतीय," आबा हळूच म्हणाले. आणि मग मोठ्यानं हसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "आयला, आमी जलमभर ढकलतच बसलो की!"

त्या दुपारी आम्ही चाक सरळ केलं. पलीकडच्या तारा जराशा आवळायच्या, अलीकडच्या तेवढ्याच सैल करायच्या, पाना थोडा थोडाच फिरवायचा. घाई केली की चाक अंड्यासारखं होतं. शेवटी रिंग काडीला न टेकता गर्रकन् फिरली तेव्हा आबांनी आईला हाक मारली. आई पिठाच्या हातानं बाहेर आली, बघून म्हणाली, "फिरतंय की. फिरायसाठीच असतंय त्ये." आणि आत गेली. कौतुकाचं वावडं असणारी बाई ती. पण आत जाताना तिनं पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला.

मग ते दर आठवड्याचंच झालं. तालुक्याहून आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सायकल उलटी. खरं सांगायचं तर त्या भयाण उन्हाळ्यातल्या त्या सकाळी मला हव्याहव्याशा वाटायच्या. लेकीच्या जातीला बाप असा कामात कधी मिळतो? आबांनी मला रंधा धरू दिला नव्हता, पटाशीला हात लावू दिला नव्हता. "पोरीचं काम न्हवं," म्हणायचे. तारेच्या चाकाला मात्र कोणाची परंपरा नव्हती, त्यामुळे तिथे मी चालले. "थांब. हितं." माझा हात थांबायचा. पाना फिरायचा. "आता सोड." चाक फिरायचं. दोघांचं मिळून एक माणूस होत होतं.

त्या दिवसांत आबा डाव्या डोळ्यावर पटक्याचं टोक ओढून बसायला लागले होते. ऊन खुपतं म्हणायचे. ऊन सगळ्यांनाच खुपत होतं. डोळा लाल दिसायचा. फुफाटा कोणाच्या डोळ्यात जात नव्हता? डॉक्टर दर खेपेला तेच म्हणायचे, "अजून नगरला गेला नाहीत?" आबा दर खेपेला मान हलवायचे, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळू नये अशी.

आणि एक सकाळ आली. जेठाचं तोंड असेल. ढग यायचे, गावाला तोंड दाखवून जायचे. मी चाक फिरवलं. रिंग काडीला टेकली, टिक् वाजलं, पुढे गेली. आबा काही बोलले नाहीत. पुन्हा फेरी, पुन्हा टिक्. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते नेहमीसारखे उकिडवे बसले होते, नेहमीसारखा डोळा बारीक करून. फिरणाऱ्या चाकाकडेच तोंड होतं. मग समाधानानं म्हणाले, "सरळ हाय आज. कायबी कराया नगं."

चाक चांगलं बोटभर डोलत होतं. मला वाटलं थट्टा करताहेत. मी चाक हातानं धरून थांबवलं, जिथे सगळ्यात जास्त झुकलं होतं तिथेच. "आबा, हितं बघा."

"बघितलं की. सरळ हाय."

मी उठून त्यांच्या पुढ्यात गेले, माझा हात त्यांच्या तोंडापुढे धरला आणि विचारलं, "किती बोटं?" आबा म्हणाले, "धूर हाय नुसता. चूल पेटवलीया का तुझ्या आईनं?"

चूल पेटलेली नव्हती.

मी म्हणाले, "आबा, चाक सरळ न्हाई. डोलतंय." त्याहून सोपं करून मला सांगता आलं नाही. ते खाली बसले, मातीतच. हातानं चाचपत सायकलपाशी आले, बोट रिंगेला लावलं आणि म्हणाले, "फिरव." मी फिरवलं. बोटाला रिंगेचा धक्का लागला, सुटला, पुन्हा लागला. मग त्यांनी विचारलं, "उद्या नगरला नेशील?"

नगरला फाट्यावरून एसटीनं गेलो. उजवा डोळा काढला. डाव्याला इंजेक्शनं दिली, पट्टी बांधली. दवाखान्यातल्या लोकांनी होतं नव्हतं ते केलं. पट्टी सुटली तेव्हा डाव्यात उजेड आणि सावली एवढं उरलं होतं. खिडकी कुठे आहे ते कळायचं. खिडकीत कोण उभं आहे ते नाही.

रेवाच्या चाकाला पाना लावताना हे सगळं आठवत होतं, आणि ती मोबाईलवर कुठलातरी माणूस तेच काम करताना बघून मला सूचना देत होती. "आजी, तो म्हणतो अपोझिट साईडची टाईट कर." मी म्हटलं, "तो बरोबर म्हणतो." सोळा वर्षांच्या पोरीला मी काय सांगणार, की आजवर हात कधी चुकला नाही, पण "हितं" म्हणणारं कोणी नसलं की हे काम फार एकटं असतं? संसारातही मी पुष्कळ चाकं सरळ केली, नवऱ्याचं, दिराचं, पोरांचं. तिथेही तारच लागते. रेटून कोणी सरळ होत नाही. पण आबांनी आयुष्यभर आम्हाला ना रेटलं ना ओढलं. हसवलं फक्त. त्याचं कधीकधी मला वाईटही वाटतं. एकदा तरी ओरडून रडले असते तर आईनं त्यांना हाताला धरून पहिल्याच आठवड्यात नगरला नेलं असतं.

त्या वर्षी पाऊस आला. त्याचं कौतुक इतरांनी पुष्कळ केलं आहे. आमच्या घरात पाऊस आला तेव्हा आबा आतल्या खोलीत जाऊन बसले आणि आईला म्हणाले, "दार लावून घे." आई दारापाशी गेली. कडी लावायच्या आतच बाहेरून हाक आली.

गेनूबापू होते. आमच्या वेशीजवळचे शेतकरी, आबांच्याच वयाचे. खांद्यावर तिफण, अंग चिंब. बैल पाहुण्याकडून मागून आणले होते आणि पोरगा ते घेऊन बांधावर थांबला होता. बापूंनी तिफण ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "कुटं हाय सुतार? पाऊस उघडला की पेरनी धरायची हाय, उरक म्हनावं."

आबा आतूनच म्हणाले, "बापू, दुसरीकडं न्या. मी काना झालो. काना बी न्हाई, आंधळा झालो."

"त्ये समद्या गावाला ठावं हाय," बापू म्हणाले. "भाईर ये."

मी आबांना हाताला धरून ओट्यावर आणलं. त्यांनी तिफणीवर हात फिरवला. फण एकेक चाचपले, एक सैल लागला तो ठोकला. कुंकवाची वाटी मी त्यांच्या हाताखाली धरली. कुंकू लागलं ते थोडं तिफणीला, थोडं ओट्याला. गल्लीच्या तोंडाशी आणखी दोघं आपापल्या तिफणी घेऊन पावसात उभे होते, हे मी आबांच्या कानात सांगितलं.

आबांनी बापूंना विचारलं, "बापू, खरं सांगा. म्या उन्हाळ्यातच जाऊन डोळा काढून आलो असतो, तरी आनली असती?"

बापूंना त्या विचारण्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते तिफण खांद्यावर घेता घेता म्हणाले, "न आनून? तुझ्याच हातची हाय ती. तुझ्याबिगर कोनाच्या दारात न्यू?"

ते चिखलातून निघून गेले. आबा तिथेच बसून राहिले, पुढची तिफण आली तरी हात पुढे करीनात. मी वाकून पाहिलं. दोन्हीकडून पाणी वाहत होतं. डोळा काढून घेतला तरी त्या खोबणीतून पाणी येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.